कोनावर गुंडाळलेला रुमाल

यंदाही लूमवरचे कारीगर गावाला गेले. चैत्र-वैशाखात त्यांच्याकडे गव्हाची कापणी असते, लग्नं असतात. उत्तरेकडच्या गाड्या भरभरून जातात आणि भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या आमच्या गल्लीतले लूम एकेक करून बंद पडतात. आधी समोरच्या शेडमधली खटखट विरळ होते, मग मागच्या शेडमधली, आणि एखाद्या दुपारी जेवून जरा पाठ टेकावी तर एकदम काहीच ऐकू येत नाही. मी दचकून उठून बसते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या आवाजानं माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता. आता तो थांबला की झोप उडते. कबुतरं ऐकू येतात, खालच्या दुकानातला पंखा कुरकुरताना ऐकू येतो, शेजारी कोण कुणाला काय बोललं तेही ऐकू येतं. इतकी वर्षं झाली तरी दर उन्हाळ्यात ही शांतता मला धक्काच देते.

गेल्या वर्षापासून या शांततेबरोबर आणखी एक आठवण येते. तशी गोष्ट लहानशी आहे. एका रुमालाची. पण त्या रुमालानं मला असं काही हलवलं की अजून माझा माझ्याच डोळ्यांवर पुरता विश्वास बसत नाही.

आधी माझ्या वेडाबद्दल सांगते. मी हातानं विणते. क्रोशा, दोन सुयांवरचं लोकरीचं विणकाम, आणि गेली काही वर्षं टकळीवर सूत कातणंही. हे सगळं भिवंडीत राहून. जिथं कुठल्याही गल्लीत शिरा, कापडाचे तागे पाण्यासारखे वाहताना दिसतात, तिथं मी खिडकीत बसून बोट-बोटभर काहीतरी वाढवत असते. त्यात माझ्या नवऱ्याचा धंदा सुताचा. घरात पलंगाखाली सूत, जिन्यात सूत, देवघराच्या बाजूला पुठ्ठ्याच्या कोनांवर गुंडाळलेल्या सुताची खोकी. आणि त्या खोक्यांना टेकून बसून त्याची बायको टकळी फिरवतेय! तो म्हणतो, "कोळीवाड्यात राहून ही बाई गळ टाकून बसलीय." पाहुण्यांसमोरही म्हणतो. मी म्हणते, "अहो, पण मासा मी धरलेला असतो ना!"

त्यातलं सुख त्याला समजावून सांगता येत नाही. टकळीला गिरकी द्यायची आणि कापसाचा पेळू हळूच वर ओढायचा. कापसातून धागा निघतो तो क्षण मला दर वेळी खोटा वाटतो. आत्ता काही नव्हतं आणि आता धागा आहे. क्रोशाचं सुख वेगळं. साखळी, खांब, मुका खांब, परत साखळी; तोंडातल्या तोंडात टाके मोजत राहायचं, बाहेर ट्रक हॉर्न देत असतो, कुकरची शिट्टी होते, आणि आपण मात्र एका फेरीच्या आत असतो. आणि स्वेटर! भिवंडीत थंडी म्हणजे दोन-चार सकाळी, त्याही उशीर केला तर हुकतात. तरी मी स्वेटर विणते. नाशिकच्या नातेवाइकांना पुरून उरले, तेव्हा मी मिक्सरला विणला, पाण्याच्या जगला विणला. नवऱ्यानं एकदा गंभीर चेहऱ्यानं विचारलं होतं की गॅसच्या सिलिंडरला थंडी वाजत नाही का.

हे वेड मला लावलं नसीमनं. दोन इमारती सोडून राहायची. कोकणी मुसलमानांचं जुनं घर, एके काळी त्यांचेही लूम होते. आमची ओळख झाली ती भाजीवाल्यासमोर कोथिंबिरीवरून भांडताना, आणि ते भांडण मिटवायला तिनं मला चहाला बोलावलं. तिच्या दिवाणखान्यात टीपॉयवर क्रोशाचा एक रुमाल होता. मी तो उचलून उजेडात धरला आणि खाली ठेवायचंच विसरले. एकाही टाक्यात ढिलाई नाही, सगळी भोकं एका मापाची. "शिकायचंय?" तिनं विचारलं. मी मान हलवली. त्यानंतर कित्येक वर्षं माझ्या दुपारी तिच्याकडे गेल्या.

शिकवताना ती फार वाईट बोलायची. माझ्या रुमालातून बोट घालून म्हणायची, "मंगल, हा टाका आहे की खिडकी? यातून शेजारीण डोकावेल." मग हुकूम सुटायचा, "उसव." मी रडकुंडीला यायचे. ती म्हणायची, "रडतेस काय? कापड चुकलं तर गेलं. हे उसवता येतं, ही अल्लाची मेहरबानी समज." तिचा हात घट्ट. हात घट्ट म्हणजे दोरा आवळून धरायची सवय. विणणाऱ्या बाईचा हात अक्षरासारखा ओळखू येतो. माझा हात सैल, कितीही आवळला तरी सैल. दहा रुमालांतून नसीमचा रुमाल डोळे मिटून काढून दाखवीन, अशी माझी फुशारकी होती. मी ती सगळीकडे मिरवायचे.

तिच्या एकुलत्या एक लेकीचं, सनाचं लग्न ठरलं तेव्हा नसीमनं एक मोठा गोल रुमाल सुरू केला. त्यांच्याकडे लग्नात मिठाईची, कपड्यांची थाळी सासरी जाते, तिच्यावर टाकायला. मध्ये फूल, भोवती पाकळ्या, आणि फेरी-फेरीनं वाढत जाऊन परातीएवढा व्हायचा होता. पण नसीमची साखर कित्येक वर्षं वाढलेली होती, त्या साखरेनं शेवटी किडन्यांवर घाव घातला. आठवड्यातून ठरावीक दिवशी ठाण्याला जाऊन रक्त शुद्ध करून घ्यायचं, आणि आल्यावर गळून पडायचं. मी बाकीच्या दिवशी दुपारी जायचे. ती उशीला टेकून बसलेली असायची, मांडीवर तो रुमाल, हातात सुई. आम्ही बोलत बसायचो. मी माझं विणकाम पुढे केलं की ती त्यावरून बोटं फिरवायची आणि तोंड वाकडं करायची. घरी येताना मला वाटायचं, एवढ्या दुखण्यातही बाईचा हात थांबत नाही. आणि रुमाल खरंच दर वेळी वाढलेला असायचा.

हिवाळ्याच्या शेवटी नसीम गेली. रुमाल अर्ध्याहून जास्त झाला होता. चाळीस दिवस झाल्यावर सना तो एका पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन आली. "काकी, एवढा पुरा करून द्याल? लग्नात अम्मीच्या हातचं तेवढंच असेल," ती म्हणाली. मी नुसती पिशवी छातीशी धरली.

मी ठरवलं की नसीमच्या कामाला धक्का लावायचा नाही. तिच्या शेवटच्या फेरीच्या दोऱ्यालाच गाठ मारून पुढच्या फेऱ्या मी माझ्या टकळीवरच्या सुताच्या घालणार होते. तिनंच एकदा चेष्टेत म्हटलं होतं, "कडेला तुझा तो लंगडा धागा लाव, नजर लागायची नाही." माझं सूत कुठं जाड, कुठं बारीक. मी ते दुपदरी पिळून घेतलं आणि कामाला लागले. विणताना मधूनमधून थांबून तिच्या भागावरून हात फिरवायचे. अगदी मधलं फूल जरासं सैल होतं. मी मनाशी म्हटलं, सुरुवात आहे, हात बसायचा असेल. त्यापुढच्या फेऱ्या मात्र तिच्या, घट्ट, आवळून काढलेल्या. त्यांवर बोट ठेवलं की ती समोर बसून मला रागावतेय असं वाटायचं.

त्या उन्हाळ्यात आक्का आमच्याकडे होत्या. आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. राहतात जवळच काल्हेरला. घरासमोर जिथं भात व्हायचं तिथं आता गोदामं आहेत आणि उन्हाळ्यात ट्रकांची धूळ थेट ताटात येते. त्यांना दम लागतो, म्हणून महिनाभर आमच्याकडे येतात. तरुणपणी त्या कापड तपासायच्या कामाला जायच्या. तागा पुढ्यात घ्यायचा, गाठी खुडायच्या, लोंबणारे धागे काढायचे, कापड साफ करून पुढे सरकवायचं. काम कधीच सुटलं, पण बोटं ऐकत नाहीत. कुणाच्याही अंगावर सुटा धागा दिसला की आक्कांचा हात गेलाच. आमच्या पुतण्याच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी नवऱ्या मुलाच्या खांद्यावरचा धागा खुडला होता, आणि भटजी मंगलाष्टकात अडखळले होते. आम्ही सगळे हसायचो. कुणाच्या मनातही आलं नाही की यात काही धोका आहे.

रुमाल संपत आला होता. शेवटच्या फेरीत मोती ओवायचे होते आणि मला हवे तसे दुधी मोती इकडे मिळेनात, म्हणून मी ठाण्याला गेले. जाताना रुमाल दिवाणावर पसरून ठेवला. सुई काढली की शेवटचा फास मोकळा राहतो, म्हणून त्यात सेफ्टी पिन अडकवली. नेहमी अडकवते. मोती मिळाले, मनासारखे मिळाले. परतताना वाटेत कशेळीला कंटेनर आडवा झाला होता. रिक्षात बसून घाम पुसत, मोत्यांची पुडी उघडून बघत, मी खुशीत होते. तासन्‌तास अडकले. त्याच वेळात घरी काय चाललं होतं ते आठवलं की त्या कंटेनरवाल्याला धरून विचारावंसं वाटतं, बाबा रे, आजच कसा आडवा झालास?

जिना चढून दार लोटलं. आक्का दिवाणावर मांडी घालून बसल्या होत्या. त्यांच्या हातात पुठ्ठ्याचा रिकामा कोन होता. नाही, रिकामा नव्हता. त्यावर पांढरं सूत गुंडाळलेलं होतं, एकसारखं, सफाईनं, दुकानातून यावं तसं. कोनावरून एक धागा खाली आला होता आणि त्या धाग्याच्या टोकाला, बशीएवढं काहीतरी, त्यांच्या मांडीवर फिरत होतं. मला काही कळेना. मग त्यांच्या बांगडीत अडकवलेली माझी सेफ्टी पिन दिसली.

माझ्या हातातली पुडी पडली. मोती टणाटणा सगळ्या घरभर झाले. गल्लीत लूम नव्हते, त्यामुळे एकेक मोती ऐकू आला.

"आक्का, हे काय केलंत?" माझा आवाज मलाच परका वाटला.

"गो बाय, पिन होती त्यात. कुनाला लागंल म्हनून कारली," त्या घाबरून म्हणाल्या. "तं धागा लोंबला. मी म्हटला, साफ करावा. खेचला तं येतंच ऱ्हायला, येतंच ऱ्हायला! तुटंना बी. मना वाटला, आता थांबंल, मग थांबंल. जमिनीवर सुताचा गुतरा-गुंता होईल म्हनून कोनावर घेतला. तुजं पाय वाजलं जिन्यावर तवा कुठं थांबली."

"तुम्हाला दिसत नव्हतं, रुमाल संपत चाललाय ते?"

"दिसत व्हता ना! म्हनून तं भ्या वाटत व्हता. पन अर्धा कसा सोरू? अर्धा सोरला तं गुतरा होतो ना सुताचा!"

मी जमिनीवर बसले. आक्कांनी कापड आयुष्यभर हाताळलं होतं, आणि लूमवरच्या कापडाचा धागा ओढला तर एक धागा निघतो, फार तर कापडावर रेघ उमटते. क्रोशाचं सगळं एकाच धाग्यावर उभं असतं हे त्यांना कुठून माहीत असणार? ज्या गावात एवढं कापड निघतं, त्या गावात माझ्या घरात, एका बाईनं कापडाची काळजी म्हणून नसीमचा हात पुसून टाकला होता. मी कोनाकडे बघत होते. वर माझं लंगडं सूत असायला हवं होतं, पण उसवताना माझ्या फेऱ्या आधी निघाल्या, त्यामुळे ते आत गेलं होतं. वर सगळा नसीमचा दोरा. तो सरळही नव्हता. टाक्यांचे वळसे तसेच त्यात राहिलेले, बारीक बारीक, कुरळे.

नवरा घरी आला तेव्हा आधी त्याचा मोत्यावरून पाय घसरला, मग त्यानं आम्हा दोघींचे चेहरे बघितले. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "मग परत विण ना. सूत तर आहे." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गुपचूप वाकून मोती वेचायला लागला.

आक्कांना रुमालाची हकीकत माहीत नव्हती. माझंच एक काम असेल असं त्यांना वाटलं होतं. नसीमचं, सनाच्या लग्नाचं सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले, जणू ते बाहेर ठेवायचेच नव्हते. रात्रीचं जेवल्या नाहीत. सकाळी माझ्याआधी लुगडं नेसून दारात उभ्या. म्हणाल्या, "मी येतंय तुज्यासंगं. त्या पोरीला मी सांगनार. तू न्हाय."

दोन इमारतींचं अंतर, पण चालवेना. सनाला काय सांगायचं? तिची आई दुसऱ्यांदा गेली असं सांगायचं? लग्न तोंडावर आलं होतं. त्यांच्या घरी शिवणाऱ्या बाईचं मशीन चालू होतं, पलंगावर कपडे पसरले होते. सनानं हसत दार उघडलं आणि आम्हाला बघून हसू आवरलं.

आक्कांनी सांगितलं. सरळ, काही न लपवता. कोन पुढे धरला आणि म्हणाल्या, "बाय, तुज्या आयशीचा काम मी उसवला. मना काय बोलाचा ता बोल."

सनानं कोन घेतला. मग ती बशीएवढी चकती तळहातावर ठेवून खिडकीशी गेली. आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मी मनात म्हटलं, आता ही रडेल, आणि मी काय करू? ती वळली तेव्हा तिचा चेहरा मला वाचता येईना.

"काकी," ती म्हणाली, "अम्मीचं एवढंच होतं."

"म्हणजे गं?"

"एवढंच अम्मीनं विणलं होतं. याच्या पुढे एखादी फेरी असेल तिची, ती गेली. बाकीचा सगळा मी विणलाय."

मला वाटलं, माझी समजूत घालतेय. मी म्हटलं, "सना, असं खोटं बोलू नकोस बाळा. मी बघितलंय तिला विणताना."

"नाही बघितलंत," ती हळूच म्हणाली. "कुणीच नाही बघितलं. तिच्या बोटांना काही लागतच नव्हतं काकी. शुगरनं बोटं मेली होती. चहाचा कप गरम आहे की थंड, ते कळायचं नाही तिला. हे फूल तिनं नुसतं नजरेवर विणलं, म्हणून सैल झालंय. मग तेही जमेना. मग मला म्हणाली, तू बस, मी सांगते. मला काय येत होतं? भीतीनं दोरा आवळून धरायचे. ती म्हणायची, आवळ, तसाच आवळ, मंगलला वाटलं पाहिजे माझा हात आहे."

मी पलंगावरचे कपडे न बघता त्यांवरच बसले.

"तुम्ही यायच्या वेळेला ती माझ्या हातून काढून घ्यायची. मांडीवर ठेवायची, सुई हातात धरायची. तुम्ही गेलात की मला परत द्यायची."

"पण का? माझ्यापासून कशाला लपवायचं?"

शिवणाऱ्या बाईनं मशीन थांबवलं होतं. सना म्हणाली, "अम्मी म्हणायची, मंगलला कळलं तर ती काम करायला येईल. माझं डोकं विंचरेल, रुमाल विणून देईल, डब्बा आणेल. सगळेच त्यासाठी येतात. मंगल माझ्याकडून बोलणी खायला येते, ती एकटीच. मला शपथ घातली होती."

मला आधी संताप आला. नसीमचा, खराखुरा. एवढ्या वर्षांची मैत्री आणि मला फसवलंस? मग आठवलं की त्या शेवटच्या महिन्यांत ती माझ्या विणकामावरून बोटं फिरवून तोंड वाकडं करायची आणि मी घरी जाऊन इमानदारीत ते उसवायचे. ज्या बोटांना काही लागत नव्हतं, त्या बोटांनी मला ढिलं ठरवलं होतं! मी मोठ्यानं हसले. सनाही हसायला लागली, आणि हसता हसता आम्ही दोघी कधी रडायला लागलो ते कळलं नाही. आक्का मध्ये उभ्या. त्यांना अर्धं कळलं होतं. त्या म्हणाल्या, "म्हंजे मी पोरीचा काम उसवला? आयशीचा न्हाय?" सना म्हणाली, "हो, माझं." आक्कांनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की सना म्हणाली, "आक्का, माझं चालतं होय उसवलेलं?"

आणि मी? मी डोळे मिटून नसीमचा हात ओळखणारी. ज्या सैल फुलावर मी 'हात बसायचा असेल' म्हणून मेहरबानी केली ते नसीमचं, आणि ज्या घट्ट फेऱ्यांवर बोट ठेवून मी गहिवरले त्या एका घाबरलेल्या पोरीच्या. एवढी मोठी चपराक मला आयुष्यात कुणी मारली नसेल, आणि मारली ती गेलेल्या बाईनं.

रुमाल परत विणला, मधल्या फुलापासून. सना रोज दुपारी आमच्याकडे यायची, लग्नघरातून पळून. मी दोऱ्याची लड करून धुऊन, वजन लावून टांगणार होते, तसं करतात, म्हणजे जुने वळसे जातात. सना नको म्हणाली. कुरळाच दोरा वापरला. आतल्या फेऱ्या तिनं घातल्या, आता मोकळ्या हातानं, लपवाछपवी नव्हती. त्या आधीपेक्षा सैल झाल्या. कडेच्या माझ्या. आक्का कोन धरून बसायच्या आणि लागेल तसा दोरा सोडायच्या. रुमालाला हात लावायच्या नाहीत. एकदा टोक लोंबताना दिसलं तर त्यांनी स्वतःचा हात मांडीखाली दाबून धरला. मोती थोडे कमी पडले, काही अजून आमच्या कपाटाखाली असतील. हळदीच्या आदल्या दिवशी एकदाचं गंगेत घोडं न्हालं. लग्नात सासरच्या बायकांनी थाळीवरचा रुमाल उचलून विचारलं, "किसने बनाया?" तेव्हा नवरी मुलगी मान वर करून म्हणाली, "बीच का फूल अम्मी का, बाकी मैंने, किनारी मंगल काकीने." आणि आक्कांकडे बोट दाखवून पुढे म्हणाली, "और उधेड़ा इन्होंने." उसवलं म्हणजे काय, ते बायकांना कळलं नाही. आक्का मात्र लाजल्या.

परवा सना माहेरी आली. सासर तिचं महाडकडे. आल्या आल्या माझ्याकडे आली, पुढच्या खोलीत खाली बसली, आणि बाहेर कान देऊन म्हणाली, "लूम बंद झाले वाटतं." मी विणत होते. ती नुसती बघत होती. मग एकदम म्हणाली, "काकी, एक गोष्ट तेव्हा सांगितली नव्हती."

मी सुई खाली ठेवली. या मुलीच्या 'एक गोष्ट'ची मला आता भीती वाटते.

"अम्मीचे शेवटचे दिवस होते. तुम्ही आला होतात. मी चहा घेऊन दारात आले आणि बघितलं तर अम्मीनं सुई उलटी धरली होती. आकडा मुठीत, आणि मागची बाजू रुमालात. म्हटलं, आता काकीला दिसणार. तुम्ही अगदी समोर होतात, सुईकडेच बघत होतात. पण तुम्ही दोघी एवढ्या हसत होतात, एवढ्या, की अम्मीला ठसका लागला. मी चहा ठेवला आणि गेले."

मी विचारलं, "कशावर हसत होतो गं आम्ही?"

"ते नाही माहीत. तुम्हाला आठवेल ना?"

मी आठवून बघितलं. तिची खोली आठवली, औषधांचा वास आठवला, पडदा आठवला. त्या दिवशीचं बोलणं काही केल्या आठवेना. सना गेली तरी मी बसून होते, खाली गल्लीत पूर्ण शांत होतं. डोळ्यांसमोर उलटी सुई धरलेली असताना मला ती दिसली नाही, याचं मला आता काही वाटत नाही. कशावर हसत होतो तेवढं विसरले, याचा धक्का मात्र अजून ओसरत नाही.